वाहन खाते

गुरुवार असो वा पौर्णिमा, अक्कलकोट नगरीत श्री स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते आणि तिच्यासोबत वाहनांचीही. एमएच १२, एमएच १३, केए ३२, केए २८ अशा पाट्या एकाच रांगेत उभ्या राहतात. काल शोरूममधून निघालेली, फुलांच्या हाराने सजलेली गाडी तिथे असते आणि पंधरा पावसाळे पाहिलेली, रंग उडालेली, तरीही पुण्याहून न कुरकुरता आलेली गाडीही तिच्या शेजारीच असते. ज्याला गाड्यांचा छंद आहे, त्याच्यासाठी हे एक न संपणारे प्रदर्शनच होय. कोणत्या कंपनीच्या गाड्या म्हातारपणीही लांबचा पल्ला गाठतात, कोणत्या गाड्यांचे झाकण वाटेत उघडावे लागते आणि कोणती गाडी दोन वर्षांत रांगेतून दिसेनाशी होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याला तिथे दिसते.

अशा छांदिष्टाचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेत पिढीजात अडतीची पेढी. तूर, हरभरा, ज्वारी यांचा व्यवहार. एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला दुधनीची बाजार समिती आणि पलीकडे तुरीचे कोठार म्हणून ओळखला जाणारा कलबुर्गीचा मुलूख. थोरले बंधू पेढीवर बसतात, धाकटे बंधू वसुली आणि खरेदीसाठी फिरतात. या धाकट्या काकांना लहानपणापासून मोटारीचे वेड. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते दुखणे सांगतात, अशी गल्लीत ख्याती. दसरा जवळ आला, तेव्हा घरातल्या पुतण्याने नव्या गाडीचा विषय काढला. त्याने मनाशी ठरवलेली गाडी वीस लाखांची होती. चार लाख पेढीतून भरायचे, सोळा लाखांचे कर्ज, मुदत सात वर्षे.

“काका, हप्ता फक्त पंचवीस हजार सातशे रुपये पडतो. तेवढे तर सहज निघतील. शिवाय तुम्हालाच गाड्यांची हौस. तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री आहे.”

“हौस आहे, म्हणूनच विचारतो,” काका म्हणाले. “गाडी किमतीला किती पडते ते तू सांगितलेस. किलोमीटरला किती पडते, ते काढलेस का?”

पुतण्याने पेट्रोलचा भाव आणि गाडीची सरासरी यांचा भागाकार सांगितला. बहुतेक घरांत वाहनाचा हिशेब इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. ज्या पेढीवर पोत्यामागची हमाली आणि तोलाई पैशांपर्यंत मांडली जाते, त्याच पेढीच्या दारात उभ्या असलेल्या सर्वांत महागड्या वस्तूचे खाते मात्र वहीत नसते. काकांनी वही पुढे ओढली. पुतण्याची गाडी तूर्त बाजूला ठेवून त्यांनी मध्यम आकाराची दहा लाखांची गाडी धरली. आकडे अदमासाचे होते, परंतु पद्धत पेढीची होती.

समजा, सर्व करांसह दहा लाखांना घेतलेली गाडी आठ वर्षे वापरून अडीच लाखांना विकली. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालली, म्हणजे आठ वर्षांत शहाण्णव हजार. किमतीतील घट साडेसात लाखांची. ती किलोमीटरला ७ रुपये ८१ पैसे झाली. गाडीत अडकून पडलेले भांडवल या काळात सरासरी सव्वासहा लाख. त्यावर आठ टक्के व्याज धरले तर वर्षाला पन्नास हजार, म्हणजे किलोमीटरला ४ रुपये १७ पैसे. हे भांडवल कर्जाचे असो वा स्वतःचे, व्याज चुकत नाही. स्वतःचे असेल तर ते केवळ दिसत नाही. विमा वर्षाला सरासरी पंधरा हजार, म्हणजे सव्वा रुपया. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला अठरा हजार, म्हणजे दीड रुपया. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सरासरी पंधरा किलोमीटरची धरली, तर इंधन सात रुपये. एकूण २१ रुपये ७३ पैसे. टोल आणि चालकाचा पगार यांत धरलेलाच नाही.

“म्हणजे पेट्रोलचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!” पुतण्या उद्गारला.

“आणि आपण सगळे भांडण त्या तिसऱ्या हिश्श्यासाठी करतो,” काका म्हणाले. “सोलापूरला जाऊन येणे म्हणजे ऐंशी किलोमीटर. खिशातून पेट्रोलचे पाचशे साठ जातात, म्हणून तेवढाच खर्च वाटतो. खरा खर्च सतराशेच्या वर आहे. आता तुझी वीस लाखांची गाडी धर. इंधनाखेरीजचे बाकी सगळे जवळजवळ दुप्पट होते. किलोमीटर छत्तीस रुपयांच्या आसपास जाईल.”

या हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. गाडी कमी फिरवली म्हणजे पैसे वाचतात, हा समज अर्धाच खरा आहे. हीच दहा लाखांची गाडी वर्षाला पाचच हजार किलोमीटर चालली, तर घट, व्याज आणि विमा मिळून एक लाख साठ हजारांच्या जवळ जाणारा वर्षाचा बोजा तेवढ्याच किलोमीटरवर पडतो आणि दर चाळीस रुपयांच्या पुढे जातो. दारात उभी असलेली गाडीही खर्चच करीत असते. ज्या घराचा प्रवास महिन्यातून दोन वेळा सोलापूर आणि वर्षातून एक तीर्थयात्रा एवढाच आहे, त्याने गावातल्या भाड्याच्या गाडीचा दर एकदा या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. पुष्कळदा मालकीपेक्षा भाडे स्वस्त ठरते. ज्याला तरीही स्वतःची गाडी हवी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. मात्र सोय, सन्मान वा आनंद यांसाठी आपण नेमके किती मोजतो, हे त्याला ठाऊक असावे.

काकांचे गाडीप्रेम ज्या गाडीपासून सुरू झाले, ती प्रीमियर पद्मिनी. या गाडीचा आणि सोलापूर जिल्ह्याचा संबंध आजच्या तरुणांना फारसा ठाऊक नसतो. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी घरच्या व्यापारातून बाहेर पडून बार्शी लाइट रेल्वेच्या कामाच्या ठेक्याकडे वळले आणि तिथून बांधकाम, साखर, जहाजे, विमाने आणि मोटारी असा त्यांचा प्रवास झाला. मोटारीचा कारखाना या देशात व्हावा यासाठी त्यांनी अमेरिकेतील बड्या कंपन्यांचे दरवाजे ठोठावले आणि अखेर क्रायस्लर कंपनीशी त्यांचे जमले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. त्यांच्या कारखान्यातील फियाट ११०० हीच गाडी कालांतराने प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर पोहोचली.

पद्मिनी परिपूर्ण गाडी होती असे काका कधीच म्हणत नाहीत. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, उन्हाळ्यात तापणारे रेडिएटर आणि पावसाळ्यात रुसणारे प्रज्वलन, हे सारे त्यांनी अनुभवलेले. परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकाला नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तरीही ही गाडी मुंबईच्या टॅक्सीचालकांनी दशकानुदशके चालवली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिच्या या दीर्घायुष्याचे रहस्य काय? ती बिघडत नव्हती असे नाही. ती कुठेही दुरुस्त होत असे. प्रत्येक गावच्या मेकॅनिकला तिचे अंतरंग पाठ होते, सुटा भाग साध्या दुकानात मिळत असे आणि मालकही हाताला तेल लावायला कचरत नसे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि विश्वासार्हतेची दुसरी व्याख्या घेऊन आली. ७९६ सीसीचे ते लहानसे इंजिन सकाळी किल्ली फिरवताच सुरू होई, हीच त्या काळच्या मालकांना मोठी नवलाई होती. या गाडीने मुळात बिघडण्याचे प्रमाणच कमी केले, शिवाय देशभर सेवा केंद्रांचे जाळे विणले. काकांच्या मते विश्वासार्ह गाडीची लक्षणे या दोन गाड्यांनी मिळून शिकवली. पहिले, गाडी सहसा बिघडू नये. दुसरे, बिघडलीच तर घरापासून जवळ, वाजवी वेळेत आणि वाजवी दामात दुरुस्त व्हावी.

“दुसरे लक्षण माहितीपत्रकात छापलेले नसते,” काका पुतण्याला म्हणाले. “तुझ्या गाडीचे सर्वांत जवळचे सेवा केंद्र कुठे आहे? सोलापुरात की पुण्यात? समोरचा दिवा फुटला तर काच किती दिवसांत येते? विकणाऱ्याला विचारू नकोस. तीच गाडी चार वर्षे वापरणाऱ्या तिघांना विचार. आणि गावातल्या मेकॅनिकला विचार, तो कोणत्या गाडीला हात लावायला नको म्हणतो.”

व्यापाऱ्याच्या दृष्टीने गाडी बंद पडण्याचा खर्च गॅरेजच्या बिलावर कधीच पूर्ण उमटत नाही. सौद्याच्या सकाळी दुधनीच्या वाटेवर गाडी उभी राहिली तर लिलाव हुकतो. वसुलीचा दिवस हुकला तर उधारी महिनाभर लांबते. घरातल्या आजारी माणसाला रात्री सोलापूरला न्यायचे असेल तर त्या तासाला मोलच नसते. म्हणून दिसण्यासाठी, पडद्याच्या आकारासाठी आणि छतावरच्या काचेसाठी पैसे मोजण्यापूर्वी विश्वासार्हतेसाठी मोजावेत, हा काकांचा पहिला दंडक. सुरक्षिततेची साधने हा दुसरा. तिथे काटकसर करू नये, असे त्यांचे ठाम मत.

विश्वासार्हता केवळ कंपनीच्या हाती नसते. अर्धी ती मालकाच्या हाती असते. अक्कलकोट परिसरातील उन्हाळा चाळिशी ओलांडतो. अशा उष्णतेत बॅटरीचे आयुष्य घटते आणि कूलंटकडे झालेले दुर्लक्ष इंजिनाच्या मुळावर येते. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये साचते; ज्याची ये-जा शेतशिवारातून आहे त्याने तो पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीआधीच तपासावा. टायरमधील हवा पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना पाहावी. कमी हवेचा टायर भर उन्हात महामार्गावर फुटण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट डिझेलवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस सहा प्रतीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब आणि सलग चालावी लागते. घर ते पेढी अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती गाळणी तुंबते आणि बिल मोठे येते. ज्याची धाव गावापुरती आहे त्याने पेट्रोलच पाहावे.

पेट्रोलबाबतही एक नवी जाण हवी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉल परके नाही. परंतु लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने सरासरी थोडी उतरते. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला साजेसे केलेले आहेत; त्याआधीची गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील यांविषयी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हा प्रश्न अवश्य विचारावा.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा प्रश्नही याच वहीत सुटतो. समजा, विजेचा खर्च किलोमीटरला दीड रुपया आला, तर पेट्रोलच्या तुलनेत साडेपाच रुपये वाचतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्याचे सहासष्ट हजार वाचतील आणि किमतीतला तीन लाखांचा फरक साडेचार-पाच वर्षांत भरून निघेल. पाच हजार किलोमीटर चालणाऱ्याला त्याच फरकासाठी अकरा वर्षे लागतील. एकाच गाडीला कोणी फायद्याची म्हणतो, कोणी तोट्याची. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांची धाव वेगळी असते.

मग गाडी किती वर्षे ठेवावी? काकांनी तीन मांडण्या केल्या. दहा लाखांचीच गाडी चार वर्षांनी साडेपाच लाखांना विकली, तर सर्व खर्चांसह किलोमीटरला सुमारे २४ रुपये २० पैसे. आठ वर्षे ठेवली तर २१ रुपये ७३ पैसे. दुरुस्तीचा वाढता खर्च धरून बारा वर्षे ठेवली आणि लाखाला विकली, तर साडेवीस रुपये. चारावरून आठ वर्षांवर जाताना वर्षाला तीस हजार वाचतात. आठावरून बारावर जाताना त्याच्या निम्मेही वाचत नाहीत. दर चार वर्षांनी गाडी बदलण्याची हौस महाग पडते, हे जितके खरे, तितकेच जुनी गाडी अट्टहासाने रेटण्यात फार मोठा नफा नाही, हेही खरे. आठव्या वर्षानंतर पैशांपेक्षा भरवशाचा प्रश्न मोठा होतो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पात्रता तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सोपस्कार येतात, हेही ध्यानात घ्यावे.

“पण काका, गाडी पेढीच्या नावावर घेतली की सगळे खर्चात जाते ना? करात तर सूट मिळते.”

हा समज व्यापारी घरांत इतका रूढ आहे की त्याची फोड करणे अगत्याचे आहे. प्रवासी मोटारीवर आयकरात घसारा वर्षाला पंधरा टक्के, तोही घटत्या किमतीवर मिळतो. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर निम्माच. दहा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी दीड लाखाचा घसारा आणि तीस टक्क्यांच्या दराने पंचेचाळीस हजारांचा कर वाचतो. म्हणजे दहा लाख खर्चून पंचेचाळीस हजार वाचले. ही सूट आहे, कमाई नव्हे. घरच्या वापराचा हिस्सा त्यातून वगळावा लागतो. जी पेढी अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरते, तिला घसारा वेगळा मिळतच नाही; तो त्या अनुमानातच आला असे मानले जाते. वस्तू व सेवा करात साध्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराचे क्रेडिट व्यापाऱ्याला सहसा मिळत नाही. मालवाहू वाहनावर ते मिळू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील हा कर १८ टक्के झाला. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, ही त्याची अट. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. सहीपूर्वी आपल्या करसल्लागाराशी बोलणे श्रेयस्कर.

विम्याबाबत दोन गोष्टी. तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्याविना रस्त्यावर आणलेली गाडी एका अपघातात पिढीची मिळकत धोक्यात घालू शकते. आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी वीस टक्क्यांपासून चढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकताना तिचे प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीच्या विम्याला ती लावता येते. माहितीअभावी ही रक्कम अनेक जण सोडून देतात.

यानंतर थोरले बंधू, जे इतका वेळ ऐकत होते, ते बोलले. “तूर केव्हा येते?”

“पौष-माघात,” पुतण्या म्हणाला.

“मग दसऱ्याला चार लाख गाडीत गेले, वर दरमहा पंचवीस हजार, तर पौषात खरेदीला काय उरेल?”

भाव क्विंटलला सात हजार धरला, तर चार लाख म्हणजे सत्तावन्न क्विंटल तूर. वर्षभराचे हप्ते म्हणजे आणखी चव्वेचाळीस क्विंटल. सात वर्षांत सोळा लाखांवर जाणारे व्याज पाच लाख बासष्ट हजार. पुतण्या गप्प झाला. ज्या हप्त्याला तो ‘फक्त’ म्हणत होता, तो प्रत्यक्षात हंगामातल्या मालाच्या थप्पीतून जाणार होता. व्यापारी घरात गाडीची स्पर्धा शेजाऱ्याच्या गाडीशी नसते. ती पेढीच्या खेळत्या भांडवलाशी असते. भांडवल आटले की चांगला भाव समोर असूनही हात आखडतो, आणि तो तोटा कोणत्याच खात्यात दिसत नाही.

वाहनाच्या मर्यादेचा हा विचार जैन घराला नवा नाही. श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग या आगमात आनंद श्रावकाची कथा येते. तो मोठा धनिक; परिग्रहाचे परिमाण घेताना त्याने गाड्यांचीही संख्या बांधून घेतली. दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि मालवाहतुकीसाठी पाचशे. आकडा मोठा आहे, परंतु आकडा आहे, हे महत्त्वाचे. श्रावकांनी दररोज धारण करावयाच्या चौदा नियमांतही ‘वाहन’ हा एक नियम आहे: आज किती वाहने वापरीन, याची सकाळी बांधलेली मर्यादा. आजी हा नियम रोज धारते. नातवाला तो केवळ पाठाचा भाग वाटत आला होता. गाड्यांच्या बाजारात प्रत्येक वर्षी नवे रूप येते, त्यामुळे ‘पुरे’ कुठे म्हणायचे हे बाजार कधी सांगणार नाही. ते घरानेच ठरवायचे असते.

आजीने या प्रसंगी आणखी एक गोष्ट ऐकवली. सोलापूरहून परतताना चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे म्हणून मुले गाडी पळवतात, हे तिला मान्य नव्हते. “उशीर झाला तर वाटेत पाणी पिऊन पच्चक्खाण घ्या. गाडी पळवून कसली जीवदया?” पहाटेच्या वेळी रस्त्याच्या कडेने साधू-साध्वींचा विहार चालू असतो, जनावरे असतात, शाळेला निघालेली मुले असतात. जयणा केवळ स्वयंपाकघरात पाळायची नसते. सावकाश चालवल्याने इंधन, टायर आणि ब्रेक यांचा खर्चही उतरतो, हे काकांनी लगोलग जोडून दिले.

अखेर ठरले ते असे. पेढीच्या मालासाठी भाड्याने लावला जाणारा टेम्पो महिन्यातून किती वेळा लागतो, याचा हिशेब आधी काढायचा. तो पुरेसा भरला तर पुढच्या वर्षी छोटे मालवाहू वाहन घ्यायचे. घरासाठी चार मीटरच्या आतील पेट्रोल गाडी, किंमत दहा लाखांच्या आत, सेवा केंद्र सोलापुरात. पेढीतून चार लाख काढायचे, परंतु हंगामानंतर. म्हणून खरेदी दसऱ्याऐवजी गुढीपाडव्याला. कर्ज सहा लाख, मुदत चार वर्षे. हप्ता सुमारे पंधरा हजार आणि चार वर्षांचे एकूण व्याज एक लाख सतरा हजारांच्या आसपास. पुतण्याचा चेहरा थोडा उतरला, हे खरे. मोठ्या गाडीचे चित्र त्याच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अजूनही होते.

“हे बघ,” काका म्हणाले, “ती गाडी वाईट नाही. मला स्वतःला आवडली आहे. चालवून बघायला आपण दोघे जाऊ. पण आवडलेली प्रत्येक गाडी दारात बांधायची नसते. मी तर आयुष्यभर दुसऱ्यांच्याच गाड्या पाहून सुख मानले.”

दिवाळीत वहीपूजन झाले. नव्या वहीत एक पान राखून ठेवले गेले आणि त्यावर पुतण्याच्याच हस्ताक्षरात ‘वाहन खाते’ असा मथळा आला. त्याखाली रकाने आखले होते: दिनांक, किलोमीटरचा आकडा, इंधन, दुरुस्ती, विमा, हप्ता आणि शेवटी एक रकाना कामाचा, म्हणजे गाडी कशासाठी निघाली. नवी गाडी यायला अजून पाच महिने होते. तोवर घरची जुनी गाडीच या खात्यावर चढणार होती. पाडवा सरला आणि पहिली नोंद झाली: दुधनी, हरभऱ्याचा सौदा, जाऊन-येऊन, हवा तपासली.